पाईबद्दल काही तक्रार?

ओंगार या आयरिश उपनगरातल्या घरात वरच्या खोलीत माझं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकीखाली मागची बाग. बाग म्हणजे काय, चार सतरंज्या अंथरल्या की संपली. पण त्या उन्हाळ्यात तिच्यावर जो उजेड उतरायचा तो रात्रीचे दहा वाजले तरी जायचं नाव घ्यायचा नाही. एअरपोर्ट इतकं जवळ, तरी आकाशात विमान म्हणून नाही. माझ्या कानाला हेडफोन, स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत बसलेली तोंडं, आणि खालून दोन म्हाताऱ्यांचे आवाज हळूहळू वर यायचे. मी स्वतःला म्यूट करून खिडकी बोटभर उघडायचे. कस्टर्डवर साय धरावी की धरू नये, यावर त्यांचं चाललेलं असायचं.

त्यातले एक माझे बाबा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले, आई गेल्यापासून गावी एकटे. २०२०च्या फेब्रुवारीत "तीन महिनं राहतो, तुझं घर बघतो आन जातो" म्हणत आले आणि मार्चमध्ये सगळंच बंद झालं. दुसरे आमचे आयरिश शेजारी, वय ऐंशीच्या आसपास, तेही एकटे. त्यांची मुलगी जवळच्या स्वोर्ड्स गावात राहायची, एअरपोर्टवर कामाला होती. मी त्यांना बाबांपाशी बोलताना 'आजोबा' म्हणायचे. बाबांना ते बिलकूल पटायचं नाही. "आजोबा काय म्हंतीस? कॉर्पोरल हाय त्यो!"

हे कॉर्पोरलपण आम्हाला चार वर्षं शेजारी राहून कळलं नव्हतं. आजोबा आमच्याशी बोलायचे ते हवेबद्दल, आणि हवा कशीही असो ती 'ग्रँड' असायची. मग हिवाळ्यातल्या वादळात दोन बागांमधल्या लाकडी कुंपणाचा एक तुकडा उडाला. बसवणारा माणूस लॉकडाऊनमुळे येईना. त्या भगदाडापाशी एका सकाळी बाबा बूट पॉलिश करत बसले होते. कुठे जायचं नाही, यायचं नाही, तरी रोज पॉलिश. आजोबा पलीकडे हातात किटली घेऊन उभे राहिले आणि बघत राहिले. बाबा कापड बोटाला गुंडाळून, थुंकी लावून, बुटाच्या टोकावर अगदी लहान लहान गोल फिरवत होते. आजोबांनी विचारलं, "कुठल्या पलटणीत होतात?"

नुसत्या बोटाच्या फिरण्यावरून त्यांनी ओळखलं होतं. मग आवाज खाली आणून त्यांनी स्वतःचं सांगितलं. अठराव्या वर्षी गावात काम नव्हतं म्हणून बोटीने पलीकडे गेले आणि ब्रिटिश फौजेत भरती झाले. जर्मनीत राहिले, सायप्रसला राहिले. परत आल्यावर कुणाला सांगितलं नाही, कारण आयरिश माणूस ब्रिटिशांच्या फौजेत होता हे इथे, जुन्या वैरापायी, सांगायची रीत नाही. बायकोला माहीत होतं, मुलीला अर्धंमुर्धं. बाबांना सांगितलं कारण बाबा इथले नव्हते. रात्री जेवताना बाबांनी मला हे सांगितलं आणि वर दम भरला, "कुठं बोलू नगंस."

तेव्हापासून रोज. भगदाडाच्या या बाजूला एक खुर्ची, त्या बाजूला एक. बाबांचं इंग्रजी फौजी होतं, क्रियापदं कमी आणि हुकूम जास्त. पण खाण्याच्या गप्पांना ते पुरायचं. लढाईबद्दल दोघं चकार शब्द बोलायचे नाहीत. बोलायचे ते कॅन्टीनबद्दल. ब्रेड पुडिंग. जाम घालून गुंडाळलेला पुडिंगचा रोल. एनॅमलच्या मगातला चहा, ज्यात चमचा उभा राहील. आणि मांसाची पाई, म्हणजे वरखाली मैद्याची जाड पारी आणि आत शिजवलेलं मांस.

बाबांना पाई कुठून माहीत? तर एका जुन्या छावणीत ते काही वर्षं ऑफिसर मेसचे हवालदार होते. तिथला खानसामा ज्याच्या हाताखाली शिकला तो गोऱ्या साहेबांना रांधून घालायचा. साहेब गेले, पाई राहिली. दर शनिवारी मोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये व्हायची, आणि साहेबांची पंगत उठली की कोपऱ्याचा तुकडा मेस हवालदाराचा. "कोपरा म्हंजी दोन्ही अंगानं पारी," बाबा सांगायचे. आजोबा मान हलवायचे. कोपऱ्याचं महत्त्व त्यांना समजावून सांगावं लागायचं नाही.

दोन्ही फौजांत आणखी एक गोष्ट सारखी निघाली. जवान जेवत असताना ड्युटीवरचा साहेब टेबलाटेबलावरून फिरतो आणि विचारतो. बाबांच्याकडे, "कोई शिकायत?" आजोबांच्याकडे, "एनी कम्प्लेंट्स?" उत्तर दोन्हीकडे एकच, जगाच्या सुरुवातीपासूनचं. नाही साहेब. हे कळल्यावर दोघांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचा खेळच केला. बाबा बागेत केळं सोलायला लागले तरी पलीकडून आरोळी यायची, "एनी कम्प्लेंट्स?" आणि बाबा केळ्यासकट ताठ, "नो सर!"

मला वर बसून हसू यायचं. माझी दुपार म्हणजे अमेरिका जागी व्हायची वेळ. नवरा औषधांच्या प्लांटवर शिफ्टला, त्याचं जेवण तिथल्या कॅन्टीनमध्ये. मी बाबांचं ताट वाढून, झाकून, माझी प्लेट घेऊन जिन्यावरून वर पळायचे. मध्येच वरून ओरडायचे, "बाबा, जेवलात का?" खालून उत्तर, "जेवलो! झ्याक!" झालं. घर शांत, बाहेर ऊन, सगळं कसं सुरळीत.

शरद ऋतू आला, झाडं पिवळी झाली, आणि एक दिवस आजोबांची मुलगी मला पुढच्या दारी गाठून बोलली. ती दर आठवड्याला गाडीतून सामान आणायची, दारात पिशव्या ठेवायची आणि गाडीच्या काचेतून हात हलवून जायची. आपण एअरपोर्टवर दिवसभर माणसांत असतो, आपल्यामुळे त्यांना काही व्हायला नको, ही तिची धास्ती. त्या दिवशी मास्क लावून ती आत गेली होती. "प्रेस उघडलं," ती म्हणाली. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. "मी आणलेले सगळे डबे तसेच आहेत. डॅड काही खातच नाहीत. त्यांचा शर्ट बघितलास? खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो." मग तिने खाली बघत सांगून टाकलं. ईस्टरपर्यंत अंगावर मांस दिसलं नाही तर ती त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवणार.

त्या दिवसांत नर्सिंग होम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत गेलेल्या माणसाला बाहेरून काचेतून बघायचं, तेही परवानगी असली तर. आजोबांनाही ठाऊक होतं. बाबांना ते एवढंच म्हणाले की मला इथून हलायचं नाही, या घरात अंधारातही माझा हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो. बाबा आत आले, हात धुतले आणि मला म्हणाले, "त्याला आपुन खाऊ घालायचं. पाई कर."

"मी? पाई? बाबा, मला करंजीची पारी जमत नाही!"

"मग शीक की. इंजिनेर हायस न्हवं?"

आजोबांच्या कॅन्टीनची पाई गाईच्या मांसाची असायची, तेव्हा आधी तो प्रश्न सोडवावा लागला. बाबा गोमांस खात नाहीत आणि माझ्या ओट्यावर ते येणार नव्हतं. आजोबांना भीतभीत विचारलं, मेंढीचं चालेल का. "चालेल की," आजोबा म्हणाले. "मेंढीने माझं काही वाकडं केलेलं नाही." खाटकाकडून मटण आणलं. मी आलं-लसूण वाटलं, धने-जिरे भाजून कुटले, गरम मसाला घातला, थोडाच हं, आणि वर लोणी घालून पारी लाटली. कडा काट्याने दाबून नक्षी काढली. ओव्हनमधून असा वास सुटला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पाई भगदाडातून पलीकडे गेली. तासाभराने बाबांनी आरोळी दिली, "एनी कम्प्लेंट्स?"

"नन, सार्ज!" म्हणजे एकही नाही; आपला हवालदार तो त्यांच्याकडचा सार्जंट.

भांडं घासून पुसून परत आलं. काय सांगू, मी हवेत! दर शनिवारी पाई. बाहेर चार वाजता अंधार, आत ओव्हनचा पिवळा दिवा, मी आणि बाबा त्याच्यासमोर देवापुढे बसावं तसे बसलेलो. प्रत्येक शनिवारी तेच विचारणं आणि तेच उत्तर. आणि प्रत्येक शनिवारी आजोबांच्या पट्ट्याचं टोक जरा जास्तच लांब लोंबायचं.

उलगडा जानेवारीत झाला. कडाक्याची थंडी, दव गोठलेलं, बाबा पहाटेचा चहा घेऊन मागच्या दारात उभे. त्यांनी मला हाक मारली. आजोबांच्या बागेत, झुडपाखाली, एक कोल्हा जेवत होता. कोल्हा कसला, चांगला गुटगुटीत सावकार! आणि त्याच्या तोंडात पारी, माझ्या काट्याच्या नक्षीची.

माझं डोकंच सरकलं. "अहो, माझी अख्खी सकाळ जाते त्यात! मटण काय भाव झालंय! आणि खातंय कोण, तर कोल्हा? आवडत नाही तर सांगायचं ना सरळ, तोंड नाही का माणसाला?" मी अशी तणतणतेय आणि बाबा हसतायत. हसता हसता त्यांना सिंकचा काठ धरावा लागला. मग एकदम थांबले.

"पोरी, लंगरमधी भाजी करपली असली तरी आमी न्हाई साहब म्हणायचो. का? साहेब विचारून जातो निघून. रगडा बसतो सैपाक्याला. पाठीवर पिट्टू बांधून त्याला उन्हात पळवत्यात. आन सैपाकी तर आपलाच मानूस. मग काय करायचं, भाजी भितीपल्याड टाकायची, कुत्र्याला, आन गप पाणी पिऊन झोपायचं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "त्यानं तुला पिट्टूपास्नं वाचवलंय."

मला मेलं हसायला पण आलं आणि डोळ्यांत पाणी पण आलं. म्हणजे हा माणूस इतके महिने माझ्यासाठी उपाशी राहत होता. आणि मी प्रत्येक शनिवारी थोडं तिखट वाढवत होते!

बाबा बूट घालून भगदाडापाशी गेले. "कॉर्पोरल!" आजोबा ड्रेसिंग गाऊनमध्येच बाहेर आले. "टुडे नो क्वेश्चन. ऑर्डर. कम्प्लेंट, गिव्ह!" आजोबांनी माझ्याकडे बघितलं, कोल्ह्याच्या झुडपाकडे बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले. बराच वेळ लागला. जीभ भाजते, हे आधी निघालं. आणि मग, फार हळू, "आणि ती फार चांगली आहे."

चांगली आहे ही तक्रार? मग त्यांनी सांगितलं, डोळे मिटून. कॅन्टीनची पाई वरून पांढरट आणि खालून ओली असायची. मांसाला मीठ आणि मिरी यापलीकडे काही भेटलेलं नसायचं. वाटाणे रंग जाईपर्यंत उकडलेले. ग्रेव्ही तपकिरी, कशाची ते विचारायचं नाही. मी न राहवून म्हटलं, "मग असलं वाईट कशाला आठवता?"

"वाईट होती म्हणून तर मजा," आजोबा म्हणाले. "साहेब पुढे गेला की अख्खं टेबल मिळून शिव्या घालायचं. शिव्या घालत घालत कधी संपायची ते कळायचं नाही."

तर मी वाईट स्वयंपाक शिकायला बसले. तो सोपा असतो असं वाटणाऱ्याने करून बघावा. माझा हात आपोआप जिऱ्याकडे जायचा. शेवटी बाबा मिसळणाचा डबा मांडीवर घेऊन बसले, वर दोन्ही हात ठेवून, शस्त्रागाराच्या पहाऱ्यावर असल्यासारखे. मटण नुसतं उकडलं. पारी जाड लाटली, अर्धवट फिकी काढली. वाटाण्यांचा जीव जाईपर्यंत त्यांना सोडलं नाही. माझ्या आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, यासाठी का तुला शिकवलं? बाबांनी कोपरा कापून तोंडात टाकला आणि चघळत चघळत खिडकीबाहेर बघत राहिले. मी विचारलं तर ऐकू गेलं नाही. ते बहुतेक त्या छावणीत होते, शनिवारी दुपारी, साहेबांची पंगत उठल्यावर. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हीच."

आजोबांनी ती खाल्ली. खरंच खाल्ली, कोल्हा दोन शनिवार येऊन बघून गेला आणि मग यायचा बंद झाला. पट्ट्याचं टोक एक भोक मागे आलं. पण तिथेच थांबलं. अर्धी पाई खायचे आणि अर्धी ठेवून द्यायचे. ईस्टरला मुलगी मास्क लावून आत आली, तिने फ्रिज उघडला, तर आत पाईचे अर्धे अर्धे तुकडे ओळीने मांडलेले. ती माझ्याशी भांडली नाही, दमलेल्या आवाजात एवढंच म्हणाली की एक खोली मिळतेय, डॅडशी बोलायला मी पुढच्या महिन्यात येईन.

ती आली मे महिन्यात, बागेत तीन घरांना भेटायची परवानगी मिळाल्यावर, एका रविवारी. बाबांनी आदल्या दिवशी जाहीर केलं की उद्या बडा खाना. फौजेत सणावारी बडा खाना असतो, त्या दिवशी साहेब लोक स्वतः जवानांना वाढतात. आजोबा म्हणाले, आमच्यात नाताळला असंच. आमचं जेवणाचं टेबल आम्ही बाहेर काढून भगदाडात बसवलं, अर्धं त्यांच्या बागेत, अर्धं आमच्या. तिकडे दोन खुर्च्या, आजोबा आणि त्यांची मुलगी. इकडे एक, बाबांची; नवरा शिफ्टला. माझं काय, मी वाढत होते. मी नेहमीच मागून बसते.

ऊन होतं. सफरचंदाच्या फुलांच्या पाकळ्या टेबलावर पडत होत्या आणि कुणी त्या झटकत नव्हतं. वाईट पाई, वाईट वाटाणे, काळा चहा. मुलीने एक घास घेतला आणि भुवया वर केल्या. आजोबा म्हणाले, "भयंकर आहे ना?" बाबा म्हणाले, "टेरिबल!" आणि दोघं मनसोक्त नावं ठेवायला लागले, पारीला, वाटाण्यांना, फार वर्षांपूर्वीच्या कुठल्या कुठल्या खानसाम्यांना. आणि नावं ठेवता ठेवता आजोबांनी सगळी पाई संपवली. ब्रेडने ताट पुसून घेतलं. मुलगी खायची थांबून त्या ताटाकडे बघत होती.

मग तिने घसा साफ केला. "डॅड, आपल्याला बोलायचंय." तेवढ्यात बाबा उठले. पॉलिश केलेले बूट, इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. ते टेबलाच्या कडेने दोन पावलं चालले आणि आजोबांपुढे थांबले.

"एनी कम्प्लेंट्स?"

मी 'नन, सार्ज'ची वाट बघत होते. आजोबांनी ताटाकडे बघितलं, मग मुलीकडे.

"एक आहे, सार्ज," ते म्हणाले. "पाईची नाही. मी जेवायला बसतो तेव्हा समोर खुर्ची असते. खुर्चीत कुणी नसतं. मग अर्ध्यावर घास फिरतो."

मुलीचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मी दर आठवड्याला विचारायचे," ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी ग्रँड म्हणायचात."

"मग दुसरं काय म्हणणार? तू घाबरली असतीस."

तिने मास्क शोधायला हात खिशात घातला आणि त्यानेच डोळे पुसले. माझी शिफ्ट सहाला संपते, ती म्हणाली, आता तुमच्या दोन्ही लशी झाल्यात, मी घरी जायच्या आधी इकडे येत जाईन, जेवायला. पण ही असली पाई मी रोज खाणार नाही, आधीच सांगते. आजोबा हसले. खोलीचा विषय तिने काढलाच नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

बाबा आपल्या खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या समोरच्या बाजूला बाप-लेक एकमेकांशी बोलत होती. बाबांनी काट्याने पाईचा कोपरा मोडला, पण उचलला नाही. ताटाकडे बघतच, आमच्या भाषेत, ते हळूच म्हणाले, "माझीबी तीच हाय."

आजोबांचे कान तिखट. "काय म्हणाला सार्ज?"

मी वाटाण्यांचं भांडं घेऊन उभी होते. बाबांनी वर बघितलं नाही. मला ते इंग्रजीत सांगावं लागलं, माझ्याच तोंडाने. "ते म्हणतात, त्यांचीही तीच तक्रार आहे."

मी भांडं टेबलावर ठेवलं. घरात गेले, माझं ताट आणि स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून आणली, खुर्ची बाबांच्या समोर येईल अशी टेबलाच्या कडेला लावली आणि बसले. बाबांनी त्यांच्या ताटातला कोपरा उचलून माझ्या ताटात ठेवला.